पाय वर होता

प्रॉडक्ट डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला असताना मला एका बाईच्या स्वयंपाकघरात महिनाभर नुसतं बसून राहायचं होतं. आमच्या मॅडमचा तसा दंडकच होता. वस्तू काढायची ती कुणासाठी तरी काढायची, आणि त्या माणसाला आधी बघायचं. बघून झालं की विचारायचं. विचारून झालं की मग पेन्सिल हातात घ्यायची. गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलेजात भिंतीवर लावलेली कुणाची तरी सुंदर रेखाटनं मॅडमनी एकदा खाली उतरवायला लावली होती, कारण काढणाऱ्याला ती वस्तू वापरणारं एकही माणूस दाखवता आलं नव्हतं.

मी विषय घेतला होता, बोटं गेलेल्या हातांसाठी स्वयंपाकघरातलं साधन. आम्ही सिडकोत राहतो आणि माझे वडील अंबडच्या एका कारखान्यात फिटर आहेत. लहानपणी त्यांच्याबरोबर अंबडच्या टपऱ्यांवर गेले की मला असे हात दिसायचे. कुणाचं एक पेर नाही, कुणाची दोन बोटं नाहीत. चहाचा ग्लास ते इतक्या सहज धरत की थोड्या वेळाने लक्षातही येत नसे. वडिलांना म्हटलं, "मला असं कुणीतरी गाठून द्या, शक्यतो बाई." ते जेवून उठले. दोन दिवसांनी माझ्या टेबलावर एका चिठ्ठीवर पत्ता लिहून ठेवलेला होता.

"पूर्वी आमच्या कारखान्याच्या गल्लीच्या टोकाला चहाला यायची ती," एवढंच म्हणाले. "नीट वाग तिच्याशी."

ती बाई अंबड गावाच्या मागच्या बाजूला एका चाळीत राहायची. मूळची सुरगाण्याकडची. चाळिशीच्या आसपासची, बारीक अंगाची, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघणारी. नवरा सेंट्रिंगच्या कामावर, मुलं गावाकडे आश्रमशाळेत. दिवसा घरात ती आणि तिची सासू. सासूच्या दोन्ही डोळ्यांवर पडदा आलेला होता. तिला उजेड कळायचा, माणसं आवाजावरून ओळखायची. बाईच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच होतं. मधली तीन बोटं सात वर्षांपूर्वी प्रेसखाली गेली होती.

प्रेस म्हणजे वजनदार लोखंडी ठोकळा वरून खाली आणणारं मशीन. ऑपरेटरने एका हाताने पत्रा साच्यावर ठेवायचा, हात मागे घ्यायचा, पायाने पॅडल दाबायचं. ठोकळा खाली येतो, पत्र्यातून वॉशर कापला जातो, तो दुसऱ्या हाताने बाजूला सारायचा. पुन्हा पत्रा. पुन्हा पाय. सकाळी बसलं की संध्याकाळपर्यंत.

"चूक माझीच हुती," पहिल्याच दिवशी तिने मला सांगितलं, मी विचारायच्या आधी. "लक्ष नव्हतं माझं. पाय दोनदा पडला."

हे ती शाळेतल्या कवितेसारखं म्हणायची. तेच शब्द, त्याच क्रमाने. सासूही तेच म्हणायची. "तिचं ध्यान नव्हतं. पाय दोनदा पडला."

मी रोज दहाला जायचे. दाराजवळ गोणपाटावर बसायचे, मोबाइल तीन पायांच्या छोट्या स्टँडवर लावायचे आणि वहीत लिहायचे. तिला वाटायचं मी काहीतरी शिकायला आले आहे. "भाकरी यीना व्हय तुला?" तिने एकदा विचारलं. ती नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी थापायची ती बघण्यासारखी होती. तळव्याची कड आणि अंगठ्याचा बुंधा, एवढ्यावर ती परातीत गोल फिरवायची. करंगळी वर उचललेली असायची. भाकरीच्या कडेला एक चीर नाही. कांदा चिरताना ती विळी पायाखाली घट्ट करून उजव्या तळव्याने कांदा ढकलायची. मला तिची अडचणच सापडेना. मी मॅडमना तसं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "ज्या हालचालीचा कामाशी संबंध नाही, ती शोध."

म्हणून मी घरी व्हिडिओ हळू करून बघायला लागले. तेव्हा मला तिचा पाय दिसला.

ती पाटावर बसायची, डावी मांडी दुमडलेली, उजवं पाऊल पुढे जमिनीवर. भाकरीवर हात पडायच्या आधी दर वेळी त्या पावलाचा चवडा खाली दाबला जायचा. चवडा, मग हात. चवडा, मग हात. भाकरीच काय, डाळ निवडतानाही तसंच. कपड्याच्या घड्या घालतानाही. एका व्हिडिओत ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती, दुपारची डुलकी लागलेली, आणि पाऊल चाललं होतं. मी सेकंद मोजले. दोन दाबांमधलं अंतर कुठल्याही व्हिडिओत बदलत नव्हतं.

ते बघताना अंगावर काटा आला होता, हे मला आता कबूल करायला हवं. पण त्या वेळी मी वहीत काय लिहिलं? 'उजवा पाय मोकळा आहे. पायात ताकद आणि लय आहे. वापर करता येईल.' त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

मधल्या दिवसांत मी स्वतःच्या उजव्या हाताची तीन बोटं चिकटपट्टीने तळव्याशी बांधून घेतली होती. वापरणाऱ्याच्या जागी स्वतः राहून बघायचं, हाही आमच्या अभ्यासाचा भाग. आठवडाभराने पट्टी काढली. बोटं पांढरी पडली होती, सुरकुतलेली, आणि ती माझी वाटेनात. मी पाण्याचा ग्लास अंगठा आणि करंगळीत धरून उचलायचे आणि तीन बोटं बाजूला हवेत ताठ राहायची. आई म्हणाली, "अगं, पट्टी काढलीस ना?" मी हसले. मग ती टेबलाखाली वाकून म्हणाली, "आणि पाय का आपटतेयस?"

मला माहीतच नव्हतं की मी पाय आपटतेय.

तीन आठवड्यांत मी साधन तयार केलं. लाकडी चौकट, त्यात वर एक रबर लावलेला दट्ट्या, खाली पॅडल, दोन्ही सायकलच्या ब्रेकच्या तारेने जोडलेले. पॅडल दाबलं की दट्ट्या खाली येऊन भाजी घट्ट धरायचा, डाव्या हाताने ती चिरता यायची. पाय उचलला की दट्ट्या वर. वर्गात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमही खूश होत्या. मी चौकट घरी आणली तेव्हा वडील गॅलरीत उभे होते. त्यांनी वाकून हाताने पॅडल दाबलं. दट्ट्या खाली आला. त्यांनी सोडलं.

"हे तिला देणार?"

"हो. उद्या चाचणी आहे."

ते बराच वेळ त्या चौकटीकडे बघत राहिले. मग आत जाऊन टीव्ही लावला. पुढे एकदा ते मला म्हणाले की तेव्हाच बोलायला हवं होतं, पण मुलीने पहिल्यांदा काहीतरी बनवून आणलं होतं, जीभ रेटली नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मी चौकट तिच्या खोलीत मांडली. बाहेर लख्ख ऊन होतं. सासू उंबऱ्यात बसून सुपात नागली चाचपडत होती. मी प्लास्टिकचं स्टूल ठेवलं, मोबाइल लावला, मूठभर गवार दिली. "मावशी, पाय इथे ठेवा. दाबा. भाजी धरली जाईल."

तिने पाय ठेवला. दाबला. टक.

ती हसली. म्हणाली, "भारी हाय." पुन्हा दाबलं. टक. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा तिने गवार ठेवलीच नाही.

मी वहीत काहीतरी लिहीत होते. वर बघितलं तेव्हा ती बदललेली होती. पाठ ताठ झाली होती. मान किंचित डावीकडे कललेली. डोळे उघडे, पण समोर वीतभर अंतरावरच्या एका जागी रुतलेले. उजवा हात पुढे जायचा, काहीतरी ठेवायचा, मागे यायचा. पाय दाबायचा. टक. डावा हात काहीतरी बाजूला सारायचा. उजवा हात पुढे. हातात काही नव्हतं. खाली काही नव्हतं. पण ठेवताना अंगठा आणि करंगळीच्या मधली रिकामी जागा नीट वळायची, जणू तिथली बोटं पत्र्याची कड चाचपून सरळ करतायत.

"मावशी," मी म्हटलं. "पुरे. थांबा आता."

टक.

"मावशी!"

टक. तिच्या पापणीचीही हालचाल नव्हती. उंबऱ्यातून सासूचा आवाज आला, "शेडमधलं मशीन कुनी आनलं घरात?" म्हातारी पूर्वी सुनेचा डबा घेऊन शेडवर जायची, आवाज तिने तिथे ऐकला होता. ती भिंतीला धरून उठत होती. "कुनी आनलं गं? बंद कर. बंद कर ते."

मी खाली वाकले आणि पॅडलची तार आकड्यातून काढून घेतली. दट्ट्या वरच अडकून राहिला. टकटक थांबली. पण ती थांबली नाही. आवाजाशिवाय ते जास्त भयंकर होतं. हात पुढे, हात मागे, पाय, डावा हात. हात पुढे, हात मागे, पाय. खोलीत फक्त तिच्या साडीची सळसळ. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. व्हिडिओत बघितलं तर अर्धं मिनिटही नाही.

मग तिचा पाय वर उचललेला असतानाच, उजवा हात पुढे गेलेला असताना, ती एकदम झटका बसल्यासारखी मागे आली. हात पोटाशी घट्ट धरला. ओरडली नाही. स्टूल कलंडलं, ती भिंतीला टेकली, आणि खाली बघायला लागली. तिचा उजवा पाय अजून हवेतच होता. तिने तो खाली टेकला नाही.

"बघ," ती म्हणाली. "ताई, बघ. पाय वर हाय."

मी म्हटलं, "हो मावशी."

"आत्ता नाय गं. तवा. तवा पन वर हुता."

मी तिला पाणी दिलं. सासू तिच्याजवळ येऊन बसली, तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि दर थोड्या वेळाने माझ्या दिशेने तोंड करून म्हणाली, "बंद केलंस ना?" मी चौकट उचलली, पोत्यात भरली आणि माफी मागून निघाले. माफी कुणी ऐकली असं वाटलं नाही.

संध्याकाळी मी व्हिडिओ बघितला. एकटीने बघायची हिंमत नव्हती म्हणून वडिलांना शेजारी बसवलं. एका जागी मी थांबवला. ती मागे झटकते त्या क्षणी आवाज येतो. टक. एकच, स्पष्ट. तोपर्यंत तार निघालेली आहे. माझ्या हातात लोंबकळताना दिसते. दट्ट्या वर आहे. मी मागे घेऊन पाच-सहा वेळा ऐकलं. मॅडमनाही नंतर ऐकवलं. त्या म्हणाल्या, शेजारी कुणाच्या तरी हातून भांडं पडलं असेल. असेल. चाळीत भांडी पडतच असतात. पण सासूनेही तो ऐकला होता, ती नंतर मला म्हणाली, "शेवटचा एक आला न्हवं, तू बंद केल्यावर."

वडिलांनी मात्र आवाजाकडे लक्ष दिलं नाही. ते तिच्या पायाकडे बघत होते. "पुन्हा लाव," म्हणाले. पुन्हा लावला. मग चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले.

"मशीन डबल मारतं," ते म्हणाले. "जुन्या प्रेसला आत एक चावी असते, तिला स्प्रिंग असते. पाय उचलला की स्प्रिंगने चावी मागे ओढायची आणि ठोकळा वर थांबवायचा. स्प्रिंग ढिली झाली की तो थांबत नाही. पाय वर असतो आणि ठोकळा स्वतःहून पुन्हा खाली येतो. हजारात एकदा. तोवर बाईचा हात पुढचा पत्रा ठेवायला आत गेलेला असतो."

"मग ती चूक तिची कशी?"

"पाय दोनदा पडला, असं कागदावर लिहितात."

"कोण लिहितं?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "आणि त्याच कागदाखाली बाईचा अंगठा घेतात."

तिचा उजवा अंगठा शाबूत होता, हे तेव्हा माझ्या मनात आलं, आणि 'चूक माझीच हुती, पाय दोनदा पडला' हे पाठ केलेले शब्द कुठून आले असतील तेही.

रात्री मला झोपच लागली नव्हती म्हणून दुसऱ्या दिवशी मी सकाळी सातला तिच्या दारात जाऊन उभी राहिले. महिनाभर मी रोज दहाला येत होते. दार अर्धवटच लोटलेलं होतं. आत ती सासूसमोर गुडघ्यांवर बसली होती आणि आंधळी म्हातारी चाचपडत तिच्या ब्लाऊजचे हुक लावत होती. एक हुक लागायचा, दुसरा निसटायचा. म्हातारीचा चेहरा छताकडे. सून मान वळवून भिंतीकडे बघत होती. सात वर्षं रोज सकाळी हे चाललं होतं, आणि मी भाजी चिरायचं साधन घेऊन आले होते.

मी मागे झाले, बाहेर खाकरले, दोन मिनिटांनी आत गेले. ती चिडलेली नव्हती. उलट तिचा चेहरा मला पहिल्यांदाच सरळ दिसला. ती माझ्या डोळ्यांत बघत होती.

"रातभर जागी हुते," ती म्हणाली. "एकेक आठवलं. सात वर्सं मला त्यो टाइम आठवतच नव्हता. आदी पत्रा आठवायचा, मंग दवाखाना. मधलं कायच नाय. काल तुझ्या त्या फळीपाशी बसले न् मधलं सापडलं. पाय मी उचलला हुता. चप्पल ढिली झालती म्हनून जरा जास्तच वर घेतला हुता. तवा आलं ते खाली."

मी तिला वडिलांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. स्प्रिंग, चावी, डबल मारणं. ती ऐकत राहिली. मग सासूकडे वळून म्हणाली, "आई, माझं ध्यान हुतं."

म्हातारीने हात पुढे केला, सुनेचा तो हात शोधला आणि तीन बोटांच्या खुंटांवर आपला तळवा ठेवून बसली.

पुढच्या महिन्यात मी पॅडलची चौकट मोडून टाकली आणि हुकांवर काम केलं. पाच हुकांऐवजी एकच पितळी पट्टी, जी वरून खाली एका अंगठ्याने सरकवली की बसते. पहिल्या तीन पट्ट्या तिने नापास केल्या. एक टोचायची, एक वाजायची, एक धुताना वाकली. चौथी वडिलांनी स्वतः कानशीने घासून दिली. ती तिने घातली, पदर सारखा केला, आणि सासूला म्हणाली, "आता तुमी सकाळी निजा आरामात." परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांना ती पट्टी फार किरकोळ वाटली. एवढ्या महिन्यांचं संशोधन आणि एवढीच वस्तू, असं एक जण म्हणाले. मला बेताचे मार्क पडले. ते मला लागलं, खोटं कशाला सांगू.

निकालानंतर तिचा फोन आला. "मला शेडवर ने," ती म्हणाली. "एकदा त्याच्यासमोर हुबं ऱ्हायचंय."

त्याच्यासमोर म्हणजे मालकासमोर, असं मी समजले. पण तिला मशीनसमोर उभं राहायचं होतं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी तिला स्कूटीवर घेऊन गेले. शेड तेच होतं, पाटी बदललेली होती. आत आता पुठ्ठ्याची खोकी बनत होती. वॉचमन जुना निघाला. त्याने तिचा हात बघितला आणि न विचारता आम्हाला आत सोडलं. कोपऱ्यात फरशीवर चार गोल भोकं होती, बोल्टांची. त्यात कचरा भरलेला. ती त्यांच्यासमोर उभी राहिली, जिथे स्टूल असणार तिथे.

"मशीन?" तिने विचारलं.

"विकलं की," वॉचमन म्हणाला. "शेड गेलं तेव्हाच. टेम्पोत घालून नेलं कुणीतरी. चालू होतं ना चांगलं."

"कुठं नेलं?"

"ते काय माहीत. इथंच असेल कुठंतरी, अंबडात. नाहीतर सातपूरला."

बाहेर आलो तोवर सुट्टी संपली होती. ती स्कूटीवर बसली, पण मी चावी फिरवली तशी म्हणाली, "हळू चल. बंद शटर सोड, उघड्या शटरपाशी थांबव." मी तसं केलं. त्या गल्ल्यांमधून दुपारी जाताना सगळीकडून ठोके येतात, मला ते कधीच वेगळे ऐकू आले नव्हते. ती प्रत्येक शेडपाशी मान किंचित डावीकडे कलवून ऐकायची. "हे नाय," म्हणायची. "चल." पुढच्या शेडपाशी, "हे पन नाय." माझ्या पाठीला तिचा तो हात टेकलेला होता आणि ठोक्यांबरोबर त्याचा दाब कमीजास्त होत होता.

एका ठिकाणी ती काहीच बोलली नाही. मी वळून बघितलं तर ती उतरून आत चालायला लागली होती.

आत एक निळं प्रेस चालू होतं. त्यावर विशी-पंचविशीची एक मुलगी बसली होती, ओढणी कमरेला खोचलेली. मावशी तिच्या बाजूला जाऊन उभी राहिली. मुलीने आधी हात बघितला, मग चेहरा, आणि तिचा पाय पॅडलवर थांबला.

"पाय वर असताना येतं का गं हे खाली?" मावशीने विचारलं.

मुलीने मागच्या केबिनकडे नजर टाकली. "कधीतरी येतं," ती हळूच म्हणाली. "सुपरवायझर म्हनतात माझाच पाय दोनदा पडतो."

"ऊठ," मावशी म्हणाली.

का कोण जाणे, ती उठली. मशीनपासून चार पावलं लांब जाऊन उभी राहिली. तोवर केबिनमधून एक माणूस बाहेर आला. "ओ बाई, कोण तुम्ही? काम का बंद केलंय?" तो माझ्याकडे वळला, मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. स्टूल रिकामं होतं. पॅडलपासून आम्ही सगळेच लांब होतो. वरचं मोठं चाक नुसतं फिरत होतं.

आणि ठोकळा खाली आला. एकदाच. साच्यावर आपटला आणि वर जाऊन थांबला.

माझ्याकडे रोखलेला त्या माणसाचा हात तसाच हवेत राहिला होता. मग तो बाजूच्या खांबाशी गेला आणि त्याने बटण बंद केलं. मोटर थांबली तरी चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि आम्ही चौघं ते पूर्ण थांबेपर्यंत तिथेच उभे होतो.

परत येताना मी तिला विचारलं, "तेच होतं का?"

"काय माहीत," ती म्हणाली. "आमचं हिरवं हुतं."

"रंग देतात नंतर."

"देत असतील." मग थोडं अंतर गेल्यावर म्हणाली, "तेच नसलं तर आनखी वाईट ना गं."

मी घरी सांगितलं तसे वडील दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर त्या शेडमध्ये गेले आणि स्प्रिंग बदलून आले. जुनी त्यांनी मला दाखवली. मधोमध तडकलेली होती. ती मुलगी मात्र त्या दिवसानंतर कामावर आलीच नाही, असं त्यांना पुढे कळलं.

मी आता पुण्याला नोकरी करते, महिन्यातून एकदा घरी येते. वडील सांगतात, मावशी अजून जाते. आठवड्यातून दोनदा, दुपारची, चालत. उघड्या शटरबाहेर उभी राहते, मान डावीकडे कलवून ऐकते. काही जण हाकलतात. काही जण म्हणतात तिच्या डोक्यावर परिणाम झालाय. एका मालकाने पोलिसांत देईन म्हणून धमकावलं तर ती पुढच्या शेडपाशी जाऊन उभी राहिली. कुणाशी भांडत नाही, बोलतही नाही फारसं. पण प्रेसवरच्या बायका आता तिला ओळखतात. ती दाराशी दिसली की त्या पॅडलवरून पाय उचलतात, हात मांडीवर घेतात, आणि ती निघून जाईपर्यंत ठोकळ्याकडे बघत बसून राहतात.